ताजमहालाचं चौथं तिकीट

फोनवरून तिकिटं काढता येणं हा आमच्या राजुरीत गुन्हाच आहे. एकदा का लोकांना कळलं, की अख्खी आळी दारात. मी सगळ्यांचं करते आणि करताना कुरकुरतेही. त्यामुळं आई-वडिलांना ताजमहाल दाखवायचं ठरलं तेव्हा तिकिटं मीच काढणार हे उघड होतं. जाणार आम्ही तिघं. रेल्वेच्या तीन जागा पक्क्या झाल्या, मग ताजमहालाचं आगाऊ तिकीट काढायला बसले. शुक्रवारी तो बंद असतो, म्हणून गुरुवार धरला. आई खांद्यावरून बघत होती.

"तीनच?"

"तिघंच चाललोय ना आपण?"

"तिघांनी निघायचं न्हाई."

घरात मेंढरं होती तेव्हापासूनची ही रीत. तिघं कुठं निघाले की पदराला एक सुपारी बांधायची, ती चौथी. मी म्हटलं, "अगं, सुपारी घेणारच आहेस ना?"

"ती गाडीत चालंल. पण तितं कबर हाय बाई. कबरीपाशी तिघांनी जायचं व्हय? तितलं चौथं तिकीटच काढ."

"कुणाच्या नावानं? सुपारीच्या?"

"कुणाच्या बी काढ!"

माझं डोकंच फिरलं. तिथं प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर भरावा लागतो. फोनमध्ये आत्याच्या आधार कार्डाचा फोटो होता, मागं तिचा कसलासा अर्ज भरून दिला होता तेव्हाचा. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, कळंबला असते. रागारागात तिचं नाव ठोकून दिलं आणि चारही तिकिटं सवयीनं घरच्या ग्रुपवर टाकली. आत्या त्या ग्रुपवर आहे हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी आत्याचा फोन.

"अगं, सुनंनी वाचून दावलं. माझ्या नावाचं तिकीट! कवा निघायचं?"

आत्या लहानपणी मेंढरांमागं घाट उतरून पार कोकणात गेलेली. चालायची म्हणाल तर तिनं आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त मुलूख पायाखाली घातलाय. पण तिच्या नावाचं तिकीट कुणी कधी काढलं नव्हतं. एसटीच्या तिकिटावर नाव थोडंच असतं! आता तिला काय सांगू, की तू सुपारीच्या जागी आहेस? नाही सांगवलं. म्हटलं, "मंगळवारी, आत्या."

आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वन्संना कळलं तर काय वाटंल गं त्यांना?" आता बोल! तेव्हा कुठं गेली होती ही अक्कल? पण तिच्या एकटीची चूक नव्हती, बोटं माझी चालली होती.

आता खरा घोर होता तो रेल्वेचा. आत्याचं तिकीट काढलं तर वेटिंग आलं. तिला सांगितलं तर म्हणाली, "व्हईल गं." तिनं नवी चप्पल घेतली, शेजारणींना सांगून झालं. मी दिवसातून दहा वेळा फोन बघायची. वेटिंगचा आकडा असा हळूहळू उतरत होता, की तो फोन विहिरीत टाकावासा वाटे.

मंगळवारी सकाळी आळेफाट्याला पुण्याच्या बसमध्ये चढलो तरी वेटिंगच. वाटेत कळंबला आत्या हीच बस धरणार होती. नारायणगाव मागं पडलं. नवी चप्पल घालून उभ्या असलेल्या बाईला 'परत घरी जा' असं कुठल्या तोंडानं सांगायचं? वडील खिडकीबाहेर बघत होते. आई पदराची गाठ कुरवाळत होती.

कळंब आलंच आणि फोन वाजला. जागा पक्की! मी बसमध्ये एवढ्यानं ओरडले, की कंडक्टर म्हणाला, "काय झालं ताई?" माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. हुश्श! आत्या पिशवी घेऊन चढली आणि आईशेजारी बसली. आईनं तिचा हात धरला तो मंचर येईपर्यंत सोडलाच नाही.

गुरुवारी ताजमहालाच्या गेटवर आत्यानं आधार कार्ड स्वतः पुढं केलं. आत गेल्यावर खूप वेळ नुसती बघत उभी राहिली. मग कट्ट्यावर टेकली आणि आईला म्हणाली, "वहिनी, ती सुपारी सोडा की आता पदराची. खाऊन टाकू."

आईचा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, "आत्या, तुला..."

"मला काय कळत न्हाई व्हय? तिघं निघालेले तुमी, अन् चौथं नाव माझं. त्याच घरात वाढलीय मी." आम्हा दोघींच्या माना खाली. आईनं गाठ सोडली तशी तिनं आईच्या हातातली सुपारी घेतली. पिशवीतनं अडकित्ता काढायला गेली, तर तो गेटवरच ठेवून घेतला होता. स्वतःशीच हसली.

"असू दे. सुपारीच्या जागी कुणाचं बी नाव घालता आलं असतं पोरी," ती म्हणाली. "तू माझं घातलंस."