काही करत नाही तो

मी खोटं बोललो, आणि ते एका बाईच्या जिवावर बेतलं असतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे सारवासारव करायला मला जागा उरणार नाही.

मी मूळचा कोकणातला. सिल्वासात शाळेत शिकवतो, सरकारी क्वार्टर्समध्ये राहतो. आमचा कुत्रा तांबूस, अंगाने दांडगा, स्वभावाने गरीब. सकाळी साडेसहाला मी त्याला राखोलीच्या रस्त्याने फिरवायला न्यायचो. साखळी असायची, पण माझ्या खिशात. समोरून येणारं कुणी दचकलं की मी लांबूनच ओरडायचो, "काही करत नाही तो!" आणि मनातल्या मनात दचकणाऱ्याला हसायचोही.

त्याच वेळी कोपऱ्यावर कारखान्याच्या बसची वाट बघत बायका उभ्या असायच्या. बहुतेक धुळे-नंदुरबारकडच्या. आम्ही दिसलो की त्या डबे छातीशी धरून मागे सरायच्या. वर्षभर मी ते रोज पाहत होतो. त्या घाबरतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

एका सोमवारी त्यांच्यातली एक जण उशीर झाला म्हणून बसकडे धावत निघाली. धावणारं माणूस दिसताच कुत्रा सुटला. तिने हातातला डबा त्याच्या दिशेने फिरवला, तसा तो आणखी चेकाळला. ती पडली. मी पोचलो तोवर तिच्या पोटरीतून रक्त येत होतं. दातांच्या दोन खुणा स्पष्ट दिसत होत्या.

"भाऊ, याले सुया दिल्या आहेत ना?" तिने विचारलं.

"हो, हो. सगळ्या झाल्यात."

बसच्या खिडकीतून तिची मैत्रीण अहिराणीत ओरडली, "चाल वं बाई! सायेबनं कुत्रं शे, शाळा शिकेल शे!" साहेबाचा कुत्राही शाळा शिकलेला, यावर सगळ्या हसल्या. तीही हसली आणि लंगडत बसमध्ये चढली.

घरी येऊन मी कुत्र्याच्या लसीचं पुस्तक काढलं. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची होती. खरं सांगायचं तर पुस्तक उघडायच्या आधीच मला ते ठाऊक होतं. मागच्या वर्षी आज नको, पुढच्या रविवारी नेऊ, असं करत ते राहून गेलं होतं.

प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "कुत्र्याला बांधून ठेवा, दहा दिवस लक्ष ठेवा. पण त्या बाईंनी थांबायचं नाही. आजच्या आज लस घ्यायला पाठवा. एकदा रेबीजची लक्षणं दिसली की कुणाच्याच हातात काही राहत नाही."

आजच्या आज, असं ते म्हणाले होते. मी गेलो नाही.

सगळ्यांसमोर "हो" म्हणालेल्या शिक्षकाने तिथेच जाऊन "नाही" कसं म्हणायचं? शाळेत कळलं तर? कुत्रा उचलून नेला तर? मी त्याला मागच्या दाराशी बांधलं. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं म्हणतात, म्हणून घरी असलो की तासातासाला पाण्याचं भांडं पुढे धरू लागलो. तो प्याला की मला हायसं वाटायचं. फळ्यावर लिहिताना हात मधेच थांबायचा. आता पीत असेल ना? तोंडाला फेस तर नसेल? बुधवारी सकाळी त्याने भांड्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"पाजून पाजून किती पाजाल?" बायको म्हणाली. "त्याचं तोंड काय बघत बसलात? त्या बाईकडे जा."

"आणि तिला काही झालं असेल तर?"

"मग इथे बसून काय बरं होणार आहे?"

मी कोपऱ्यावर धावलो. ती तिथे नव्हती. तिची मैत्रीण म्हणाली, "ताप शे तिले." खोली कुठे ते विचारून चाळीत पोचलो, तर ती दारात मेथी निवडत बसलेली, नाक चोंदलेलं. सर्दीचा ताप होता. पोटरीवर तिने लाल तिखट दाबून बसवलं होतं. गावाकडे असंच करतात, म्हणाली.

तेव्हाही मला खरं बोलता आलं नाही. "खबरदारी म्हणून लस घेऊन टाकू," एवढंच म्हणालो.

"कशाले भाऊ? तुम्हीच म्हणाले ना, सगळ्या सुया झाल्या?"

"तरी चला."

सरकारी दवाखान्यात नर्सने कागद पुढे ओढला. "कुत्रा पाळीव का? लस झालीय?"

माझ्या आधी तीच बोलली. "पाळीव आहे, सिस्टर. या भाऊंनी सगळ्या सुया दिल्या त्याले."

नर्सने पेन टेकवलं. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी निभावलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "दोन वर्षं लस दिलेली नाही. मी खोटं सांगितलं होतं."

नर्सने तिला नळाखाली बसवून साबणाने बराच वेळ तिखट धुतलं. मग दंडावर लस दिली आणि जखमेतच आणखी एक औषध टोचलं. ती कळवळली. बाहेर आल्यावर तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "मी मरीन का?" नाही म्हणायला मी तोंड उघडलं, आणि लक्षात आलं, मला माहीत नाही. मी आत जाऊन डॉक्टरांनाच बोलावून आणलं. लसीच्या चार खेपा आहेत, एकही चुकवू नका, मग काळजी नाही, असं त्यांनी तिला समजावलं.

चारही खेपांना मी तिला स्कूटरवरून नेलं. दहा दिवस उलटले, कुत्रा धडधाकट राहिला. मग त्यालाही लस दिली. आता साखळी आखूड धरतो. बसच्या वेळेला त्या बाजूला जात नाही. समोरून कुणी आलं की रस्ता ओलांडतो, कुत्र्याला खाली बसवतो आणि ते माणूस पुढे जाईपर्यंत मधे उभा राहतो.

पण प्राण्यांच्या डॉक्टरांनी सोमवारीच फोनवर काय सांगितलं होतं, हे तिला अजून ठाऊक नव्हतं. शेवटची लस झाली त्या दिवशी मी स्कूटर सुरू केलीच नाही.

"ताई, कुत्रा मोकळा सोडला ही माझी चूक. खोटं बोललो, तीही माझीच. पण आणखी एक आहे. तुम्हाला लगेच लस हवी, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. लाज जाईल म्हणून मी दोन दिवस घरात बसून राहिलो. तुमच्या जिवापेक्षा मला माझं नाव मोठं वाटलं. मला माफ करा."