रेशमी टोकांचा चेंडू

रंगवून सावलीत वाळत घातलेल्या रेशमाला एक किंचित आंबूस, उबदार वास असतो. येवल्यातल्या आमच्या आळीत हिवाळ्याच्या सकाळी तो वास उंबऱ्यावरच्या उन्हात मिसळून घरभर फिरायचा, आणि अजूनही कुठे नवे रेशीम उलगडले की माझा उजवा तळहात आपसूक वर वळतो. कारण त्या वासाला माझ्या मनात एक आकार आहे. तो गोल आहे, मोसंब्याएवढा, आणि तो हवेत आहे.

मागावरच्या उभ्या धाग्यांचा नवा ताणा जुन्या ताण्याला धाग्याला धागा जोडून सांधला की वीतभर टोके उरत. आई ती डब्यात साठवी. डबा भरला की जुन्या धोतराच्या चिंधीची घट्ट गोळी करायची आणि तिच्यावर ती टोके एकमेकांना गाठवून गुंडाळत जायचे. वर्षभरात अण्णांनी, माझ्या वडिलांनी, जी जी पैठणी विणली असेल, तिचा तिचा रंग त्या चेंडूत थराथराने उतरे. लग्नघरी गेलेल्या, आम्ही पुन्हा कधीही न पाहिलेल्या साड्यांची तेवढीच खूण आमच्याकडे राही.

अण्णा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसत. पाय दिवसभर पावडी दाबत असत, पण रेशीम फक्त हातांचे. रेशीम म्हणजे लक्ष्मी. त्याला चुकून पाय लागला तर हात लावून तो कपाळाला टेकवायचा, हे आम्हाला चालायला लागण्याआधीपासून माहीत. साहजिकच आमचा चेंडू लाथाडता येत नसे आणि जमिनीवर आपटताही येत नसे. मग उरले काय? आळीभर रिंगण करून उभे राहायचे आणि तळहाताने तो वर उडवायचा. धरायचा नाही, पडू द्यायचा नाही. पडलाच, तर ज्याच्यापाशी पडला त्याने उचलून कपाळाला लावायचा आणि मोजणी पुन्हा एकपासून. या खेळात दोन बाजू नव्हत्या, कुणी हरत नव्हते. त्याला नावसुद्धा नव्हते. संक्रांतीला पतंगांमागे आकाशात लागलेली आमची नजर उरलेले वर्षभर त्या चेंडूवर खिळलेली असे, एवढेच.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षे झाली असतील, तेव्हा बी. ए. झालेली घरातली पहिली मुलगी म्हणून मी शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमासाठी नाशिकला आले. एस. टी.पर्यंत पोचवायला आलेले अण्णा म्हणाले होते, "एक वरीस हाय तुझं. दुसरं माझ्याच्यानं व्हायचं नाय, पोरी." त्या बोलण्यात धाक नव्हता, आपला हात कुठवर पोचतो ते त्यांनी दाखवून ठेवले होते. म्हणूनच पहिल्या सराव पाठात मी नापास झाले, तेव्हा गोदावरीवरून येणारा थंड वारा मला पुढचे कितीतरी दिवस बोचत राहिला. आता एकच पाठ उरला होता. विषय होता, आपल्या भागातला चेंडूचा एक पारंपरिक खेळ.

वसतिगृहातल्या बहुतेकजणींनी लगोरी घेतली. माझ्या खोलीत घोटीची सुमन राहायची. तिने पाठीत चेंडू हाणायची आबाधुबी निवडली होती. मी आमचा रेशमी चेंडू घेतला होता. माझ्या पाठाचे टाचण वाचून ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई, लगोरी घे आन् गप बस. लय शहाणी नको होऊ. सर तुझा चेंडू करतील!"

सर म्हणजे आमचे पाठ-निरीक्षक. तरुणपणी फुटबॉल गाजवलेले, आता गुडघ्यात किंचित अडखळत चालणारे, शिट्टी नेहमी गळ्यात. त्यांनी टाचणावर बोट ठेवले. "विजयी संघ ही जागा रिकामी का?"

"या खेळात कुणी जिंकत नाही, सर."

"मग हा खेळ नाही. विरंगुळा आहे."

त्या दुपारी मी हट्टाने ग्रंथालयात गेले. जगातल्या चेंडूच्या खेळांवरचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक तिथे होते. शब्दकोश मांडीवर घेऊन, खिडकीतून सरकणाऱ्या उन्हाबरोबर खुर्ची सरकवत मी ते चार दिवस वाचले. किती नवल होते त्यात! मेक्सिकोत जड रबरी चेंडू केवळ कमरेने टोलवतात. इंग्लंडमधल्या एका गावात वर्षातून एकदा अर्धे गाव उरलेल्या अर्ध्या गावाविरुद्ध चेंडू रेटत गल्ल्यांतून, नदीतून नेते. पूर्वेकडच्या देशांत वेताचा विणलेला चेंडू पायाने जाळीपार करतात. आणि एका पानावर जपानी दरबारातली माणसे, पायघोळ झगे घालून, झाडांमध्ये रिंगण करून उभी. हरिणाच्या कातड्याचा चेंडू पायाने वर उडवत ठेवणे हाच त्यांचा खेळ. त्यात हार नाही, जीत नाही. ते चित्र पाहताना मला अनोळखी देशात अचानक आपल्या आळीचे कुणी भेटल्यासारखे झाले. आयुष्यात पहिल्यांदाच वाटले, की शिकणे म्हणजे घरापासून दूर जाणे नव्हे; लांबून फिरून घराच्या मागच्या दाराशी येणेही असू शकते.

मी ते पान सरांपुढे ठेवले.

"ते राजवाड्यातले लोक," चष्म्यावरून पाहत सर म्हणाले. "त्यांचा वेळ जात नव्हता."

"आमचाही जात नव्हता, सर. एकच चेंडू होता आणि मुलं पंधरा."

ते हसले नाहीत, पण लेखणी उघडली. "निदान एक आकडा लिहा. सलग पन्नास. तासात झाले तर पास, नाही तर नापास. बाकीचं मला मोजता येत नाही." मी लिहिले. खाली नियमही लिहिला: चेंडू पडल्यास अथवा त्यास पाय लागल्यास मोजणी पुन्हा एकपासून.

जानेवारीतली सकाळ, शाळेचे लाल मातीचे मैदान, सातवीच्या मुलींच्या तोंडातून निघणारी वाफ. घरून आणलेला चेंडू पहिल्या खेपेला तीनवर पडला. दुसऱ्या खेपेला पाचवर. "बाई, चेंडूला नमस्कार करायचा?" म्हणून एक खो खो हसत सुटली. मी म्हणाले, "रेशीम आहे ते. कुणाच्या तरी लग्नातल्या साडीचं." हसू थांबले. एकीने चेंडू नाकाशी नेऊन हुंगला आणि शेजारणीच्या हाती दिला. तिथून खेळ बदलला. मुली एकमेकींना सांभाळू लागल्या. "माझा गं!" "तू मागं हो!" "उंच, उंच मार!" एकोणीस. सत्तावीस. पुन्हा एक. सरांच्या मनगटावरचे घड्याळ मला इतक्या लांबूनही ऐकू येत होते.

तास संपायला थोडा वेळ उरला असताना मोजणी त्रेचाळीसवर पोचली, आणि एका मुलीचा हात तिरका लागला. चेंडू रिंगणाबाहेर, थेट सरांच्या दिशेने उतरू लागला. त्यांच्या एका हातात वही होती, दुसऱ्या हातात लेखणी. कुणीतरी किंचाळले, "सर, पडला!" आणि सरांचा उजवा पाय, त्यांना न विचारताच, पुढे झाला. बुटाच्या चवड्याने त्यांनी तो इतका अलगद उचलला, की चेंडू जणू बसल्या जागेवरून उठून उभा राहिला.

मुली थिजल्या. चेंडू उन्हात वर चढत होता, त्यातल्या जांभळ्या धाग्यावर ऊन चमकले. "बाई, पाय लागला! धरायचा?"

धरला असता तर मी माझ्या नियमाशी, अण्णांच्या नियमाशी प्रामाणिक राहिले असते आणि पाठ तिथेच संपला असता. पण त्या क्षणी मला सरांचा चेहरा दिसला. लाथ मारणाऱ्याचा नव्हता तो. पडणाऱ्या लेकराला सावरणाऱ्याचा होता.

"धरू नका!" मी ओरडले. "पडला नाही तो! चव्वेचाळीस!"

पंचेचाळीस, शेहेचाळीस... पन्नासला मैदान गर्जले आणि तरी कुणी थांबले नाही.

तासानंतर सर म्हणाले, "पाय लागला की मोजणी एकपासून. तुम्हीच लिहिलंय."

"हो, सर."

"मग?"

"नियम चुकीचा लिहिला होता, सर. पडू द्यायचा नाही, एवढंच खरं होतं."

त्यांनी आपल्या बुटाकडे पाहिले. मग 'विजयी संघ' या जागी त्यांनी एक आडवी रेघ ओढली आणि खाली सही केली. मी पास झाले होते.

रविवारी येवल्याला गेले. मागाशेजारी बसून अण्णांना सारे सांगितले, बुटाचेही. त्यांचे हात थांबले. खाली खड्ड्यात, पावडीवर टेकलेल्या स्वतःच्या पायांकडे त्यांनी एकदा पाहिले.

"पडला नाय ना पर?"

"नाही."

पावडी पुन्हा हलली. "मंग किती झाले समदे?"

मी आठवू लागले. पन्नासपर्यंतचा प्रत्येक आकडा स्पष्ट होता, आणि त्यानंतर फक्त ऊन होते, वर गेलेले हात होते, आणि हातातली वही कधीच खाली ठेवून रिंगणात शिरलेले सर.

"पुढचे मोजायचे राहिले, अण्णा," मी म्हणाले.