रकान्यातली माय

"ये कुर्सी हटाओ. और इनको पुरानी साड़ी पहनने बोलो."

साहेब मले म्हणला. माह्याच घरात, माह्याच मायबद्दल.

खुर्ची आमची नव्हतीच. आमच्या तामसी गावाकडं बाहेरचा माणूस घरी येणार म्हटलं की शेजारून खुर्ची आणतेत, तिच्यावर धुतलेला टॉवेल टाकतेत, अन् घरची बाई पेटीतलं पातळ नेसते. येणाऱ्याचा मान असते तो. माय सकाळपासून त्याच गडबडीत होती. बाप नाई आमाले. माय वांगे-मेथी लावते, आठवडी बाजारात विकते. हैदराबादची एक संस्था गरजू बायांना भाजीवर सावलीले टाकायची हिरवी जाळी देऊन राह्यली होती, तिच्यात मायचं नाव आलं होतं. अन् त्याच संस्थेत मी फॉर्म भरायले होती. संस्थेच्या साहेबाले मराठी येत नाई, बायांना हिंदी-इंग्रजी येत नाई, मधात मी.

साहेब इंग्रजीत मले म्हणला, हिचा असा फोटो पाहून कोण पैसे देणार? गरिबी दिसाले पाहिजे ना. खुर्ची हटली. सिलिंडरवर मी पोतं टाकलं. मायले सांगितलं की फोटोले जुनंच पातळ चांगलं दिसते. खोटं सांगितलं. ती मुकाट्यानं आत जाऊन बदलून आली अन् चुलीपाशी भुईवर बसली.

मग साहेबानं सांगितला तो शब्द मी रकान्यात लिवला. डेस्टिट्यूट. ज्याचं काई नाई अन् कोणी नाई, असा माणूस. माय समोर बसली होती, अन् मी तिची पोटची पोरगी लिवून राह्यली होती की हिचं कोणी नाई.

या इंग्रजीत गरिबाले लई शब्द हायेत. नीडी. व्हल्नरेबल. अंडरप्रिव्हिलेज्ड. बेनिफिशियरी. ऑफिसात दिवसभर तेच टाइप करा. मले वाटे, मी मोठं काई शिकून राह्यली. आमच्या गावात म्हणतेत, तिचं जरा अडलं हाये. बस, एवढंच. अडलेलं माणूस निघते उद्या. रकान्यातलं निघत नाई.

साहेबाची गाडी गेल्यावर मायनं विचारलं, काय लिवलं माह्याबद्दल?

"कष्टाळू," मी म्हणली.

तिनं इंग्रजी शब्द विचारला. मी तोही सांगून टाकला. काय अवदसा आठवली मले, देव जाणे. माय शाळेत गेली नाई, पण तिनं तो चार-पाचदा म्हणून पाठ केला. मग निंदताना बायांना सांगे. बसमध्ये कंडक्टरले सांगे. साहेबानं मले असं लिवलं, माही पोरगी इंग्रजीत शिकली हाये. ती घरात तो शब्द बोलली की मी उठून बाहेर जाई. तरी खरा अर्थ सांगितला नाई.

जाळ्या वाटायच्या दिवशी मंडप टाकला होता. बायांनी माइकवर नाव सांगायचं अन् जाळी घ्यायची. मायनं नाव सांगितलं. मग मान ताठ करून म्हणली, "मी डेस्टिट्यूट हाओ."

स्टेजवरचे सारे हसले. एकानं मोबाइल काढला अन् पुन्हा बोलाले लावलं. माय पुन्हा बोलली. तिले वाटलं, लोक खूश झाले. तीही हसली त्यांच्यासंगं.

यादी माह्या हातात होती. मी पुढचं नाव वाचलं.

त्या दिवसापासून मले सुखानं जेवण गेलं नाई. चालता-बोलता मायचं ते हसणं समोर येई. भर दुपारी, कोणी नसताना मागून तो शब्द ऐकू येई, तिच्याच आवाजात. मी वळून पाही.

महिन्याभरानं मी अन् साहेब भीमपूरकडं एका घरी गेलो, अशाच फॉर्मसाठी. त्या बाईनंही खुर्ची मांडली होती. हातात हिरव्या बांगड्या, नव्या. साहेब म्हणला, बांगड्या काढाले सांग. जित्या नवऱ्याच्या बाईले!

मी पेन खाली ठेवला. मग जसंच्या तसं सांगितलं. "बाई, साहेब म्हणते बांगड्या काढ, तू गरीब दिसत नाईस. अन् या कागदावर तुले निराधार लिवणार हाये. तुले कोणी नाई, असं."

बाईनं चहाचं भांडं खाली उतरवलं.

"माहा नवरा वावरात हाये," ती म्हणली. "बोलावू काय?"

साहेबानं विचारलं, क्या बोली? मी तेही पुरं सांगितलं. फॉर्म त्याच्या हातात दिला अन् म्हणलं, हा शब्द मी आता लिवणार नाई. त्यानं मले गाडीत घेतलं नाई. मी पायी फाट्यापर्यंत आली, तिथून बसनं घरी.

माय मेथीच्या जुड्या बांधून राह्यली होती. तिच्यासमोर बसून मी सारं सांगितलं. शब्दाचा खरा अर्थ सांगितला. तिचे हात थांबले.

"तवा मंडपात तुले ठाऊक होतं?"

"होतं."

"मंग काऊन नाई थांबवलं?"

चारचौघात मले लाज वाटली होती, दुसरं काय? नोकरीची भीतीही होती. मायनं खाली पाहून जुड्या बांधाले सुरुवात केली. आजही ती माह्याशी कामापुरतंच बोलते. मी माफी मागितली, तिनं दिली नाई. बरोबरच हाये तिचं.

आता नोकरी नाई, बाजारात भाजीपाशी बसते; तिथं बाया माह्याकडं इंग्रजी कागद घेऊन येतेत. ताई, काय लिवलं सांग, म्हणतेत. त्यांचे चेहरे पाहून मले कधी कधी दया येते, वाटते, एखादा शब्द सोडून द्यावा, हिले काऊन दुखवावं? नाई सोडत. मायले ते 'कष्टाळू'चं खोटंही मी दयेपोटीच सांगितलं होतं. जे लिवलं तेच मी वाचीन, मोठ्यानं, मराठीत. कोणताही साहेब समोर बसला असला तरी, अन् ऐकणारी बाई रडली तरी.