मेंदूत न शिरणारं औषध

सव्वीस वर्षं एकाच टेबलापाशी उभं राहून बोदिल थ्यूगेसनने किती रेणू घडवले, याची मोजदाद तिनेही सोडून दिली होती. डॉक्टरेट नव्हती, पण हात असा बसलेला की कोपनहेगनजवळच्या त्या प्रयोगशाळेतले डॉक्टरेटवाले काही अडलं की तिच्याकडेच येत.

चार वर्षं सगळे एका औषधामागे हात धुऊन लागले होते. शरीरातल्या पेशींवर एक ग्राही, म्हणजे रिसेप्टर, असतो, तो चेतला की भूक खवळते, चरबी साठते. तो चेतूच नये म्हणून आपला रेणू आधीच तिथे ठाण मांडून बसवायचा. उंदीर बारीक होत, यात शंका नाही. पण औषध मेंदूतही शिरे आणि बिचारे कोपऱ्यात उदास बसून राहत. असलं औषध माणसांना द्यायचं कसं? येत्या जानेवारीअखेर काम गुंडाळायचं, असं ठरलं. बोदिलच्या जिवाला ते फार लागलं.

त्यातच डिसेंबरात तिने घोळ घातला. नाताळच्या मेजवानीला पळायच्या घाईत मिश्रण अल्कलीत तसंच राहिलं. सोमवारी पाहते तर रेणूचं टोक तुटून तिथे आम्लाचं शेपूट तयार.

"केक!" प्रमुख त्रोल्स ओरडला.

तिथला रिवाजच तसा. चुकेल त्याने शुक्रवारी केक आणायचा आणि कापताना चूक सगळ्यांसमोर सांगायची. लठ्ठपणावर औषध शोधणारी ही मंडळी केकला मात्र कधी नाही म्हणाली नाहीत!

बोदिलने खोबऱ्याचा थर दिलेला केक आणला.

"हं, काय दिवे लावलेस ते सांग," त्रोल्स म्हणाला.

"अरे, ते शेपूट इतकं पाणीवेडं की रेणू रक्तातच फिरत राहणार. मेंदूभोवतीच्या तेलकट पडद्यातून आत शिरायची सोयच नाही. अगदी कुचकामी..."

ती थांबली. सुरी केकमध्येच राहिली.

"अगं बाई! हेच तर हवंय ना आपल्याला?"

"पण ग्राहीवर बसेल का ते?" त्रोल्सने विचारलं.

"बसवून बघू. कुणी फेकू नका ते, सांगून ठेवते!"

बसलं. घट्ट बसलं. जानेवारीत उंदरांचं खाणं कमी झालं, चरबी उतरली, आणि पठ्ठे चाकावर धावायचे काही थांबेनात. मेंदूच्या नमुन्यांत औषधाचा मागमूस नव्हता. त्रोल्सला वाटलं यंत्रच बिघडलंय. बोदिलने तीनदा तपासायला लावलं. तीनदा तेच. मग हातमोजे काढून ती सगळ्यांदेखत आनंदाने ढसाढसा रडली.

काम चालूच राहिलं. पेटंटच्या अर्जांत आजवर तिचं नाव तळाशी असे. या वेळी ते सगळ्यात वर होतं.

"त्रोल्स, क्रम चुकलाय तुझा."

"मुळीच नाही. सही कर."

बोदिलने सावकाश, पूर्ण नावाने सही केली.