अण्णांच्या बोटांवरचा सफेदा

या ग्रुपवरचे अनुभव मी जेवताना वाचते आणि खरं सांगू, बहुतेक वेळा हसून सोडून देते. वारा असेल, भास असेल... भुताखेतांवर आजही माझा विश्वास नाही. त्यामुळे जे घडलं, तेवढंच लिहिते.

आम्ही पिढ्यान् पिढ्या बेंगळुरूचे मराठी. राजाजीनगरला छोटं घर आहे. खाली आई-वडील, बाहेरच्या जिन्याने वर मी आणि माझे मिस्टर. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा प्लंबर. आयुष्यभर तेच केलं, आवडीने केलं. माझ्या लग्नात पंगत बसलेली असताना हॉलची टाकी वाहायला लागली, तर नव्या धोतराचा काचा मारून स्वतःच गच्चीवर चढले होते!

मागच्या वर्षी त्यांना स्ट्रोक आला. उजवं अंग पूर्ण गेलं, वाचाही गेली. डावा हात जरासा हलायचा, पण त्यात चमचासुद्धा टिकत नव्हता. कूस आम्हीच बदलायचो. त्यांची हत्यारं आईने त्यांच्या कामावरच्या जुन्या जोडीदाराला देऊन टाकली... ती दिसली की अण्णांच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

त्यातच स्वयंपाकघरात ओट्याखालचा पाइपचा सांधा गळायला लागला. आधी थेंब, मग धार. एका सकाळी प्लंबर आला, टॉर्च मारून म्हणाला, "अक्का, जुनी लोखंडी लाइन आहे, पूर्ण गंजलीय. पाना लावला तर भिंतीतच मोडेल. टाइल्स फोडून सगळीच बदलावी लागेल."

त्याने सांगितलेला खर्च ऐकून आई मनातच हिशेब करायला लागली. अण्णांची औषधं, फिजिओ... "सरी, ठीक आहे, विचार करून सांगते," एवढंच म्हणाली.

अण्णांचा पलंग स्वयंपाकघराच्या दारासमोरच होता. त्यांनी सगळं ऐकलं असणार, कारण प्लंबर गेल्यावर ते एकटक ओट्याकडे बघत राहिले. आई त्यांच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली, "अहो, तुम्ही नका जिवाला लावून घेऊ. होईल काहीतरी."

त्याच दुपारी मी वर ऑफिसच्या कॉलवर होते. आई बाहेरून कुलूप लावून कोपऱ्यावर दूध आणायला गेली. परत आली आणि तिने मला हाक मारली. ती हाक अजून कानात आहे...

अण्णा गेले होते. चादर अंगावर तशीच, पलंगाचा कठडा वर केलेला. चेहरा शांत.

डॉक्टर येऊन गेले, शेजारी जमले. आई ओल्या फडक्याने त्यांचे हात पुसत होती, ती मध्येच थांबली. "हे बघ गं."

दोन्ही हातांच्या बोटांना पांढरं, चिकट काहीतरी लागलं होतं. नखांत तागाचे धागे. वासावरून मी लगेच ओळखलं — सफेदा. जुने प्लंबर सांध्यावर ताग गुंडाळून वर सफेदा लावायचे, हल्ली सगळे टेप वापरतात. लहानपणी अण्णा कामावरून आले की त्यांच्या कपड्यांना हाच वास असायचा.

मी ओट्याखाली वाकले. पाइप कोरडा. सांध्यावर नवा ताग, त्यावर सफेदा... अजून ओला!

घरात ना ताग होता, ना सफेदा, ना पाना. किल्ली आईच्या कमरेला. जोडीदाराला विचारलं, तर तो त्या दिवशी गावी होता. नंतर प्लंबरला बोलावून दाखवलं. त्याने वाकून सांध्यावरून बोट फिरवलं. "मी नाही अक्का. असं काम आता कोण करतं?" डॉक्टर म्हणाले, शेवटी कधी कधी थोडी ताकद येते. पण उजवा हात? तो तर कधीच गेला होता!

भेटायला आलेले लोक म्हणायचे, केवढी माया, जाता जाता घराचं काम करून गेले. आई मान हलवायची. सगळे गेल्यावर एकदाच मला म्हणाली, "उठले ना ते? दोन्ही हात चालले ना? मग मी दुधाला जायच्या आधी का नाही गं उठले? एकदा माझा हात धरला असता..."

पाइप कसा जोडला गेला, ते मला आजही माहीत नाही. आणि आईला काय सांगू, तेही नाही.