अण्णाची फुंकर

फोन आला तेव्हा मी कुर्डुवाडीच्या फलाटावर चहाचा कप हातात धरून उभी होते. नणंदेकडे दोन दिवस राहून सोलापूरला परत निघाले होते आणि गाडी नेहमीसारखी लेट होती. फोनवर माझी भाची गौरी होती. ‘आत्या, अण्णांना लई दम लागलाय. दवाखान्यात न्यायलोय.’ अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचे वडील. त्याला दम लागणं ही आमच्या घरात काही बातमी नव्हती, त्यामुळे मी दरडावूनच म्हटलं, ‘निळा पंप दे की आधी!’ ‘दिलाय गं, परत परत दिलाय… उतरतच न्हाय.’ पुढचा फोन आला तेव्हा गौरीला बोलता येईना. नुसती रडत होती. कप मी कुठं ठेवला, मला आठवत नाही. गाडी आली, जागा मिळाली, पण मी बसले नाही. डब्याच्या या दारापासून त्या दारापर्यंत येरझाऱ्या घालत राहिले. एक बाई म्हणाली, ‘बसा की ओ ताई, गाडी पळायलीय की.’ तेव्हापासून कित्येक आठवडे झाले, अजून मला एका जागी धड बसवत नाही. हे लिहितानाही दोनदा उठून गॅस बंद आहे का बघून आले. बंदच होता.

अण्णाचा दमा आणि मी एकाच घरात वाढलो. लहानपणी थंडीत त्याला धाप लागली की आई गाद्यांची चळत लावून त्याला टेकून बसवायची. त्याच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत राहायची, आणि ती ऐकत मी झोपी जायची. शिट्टी थांबली की उलट मला जाग यायची. दही देऊ नका, केळं देऊ नका, गार पाणी नको, असं जो तो येऊन सांगून जायचा. आणि सगळे जाताना एकच वाक्य टाकून जायचे, ‘मोठा झाला की जाईल बघा.’ अण्णा मोठा झाला, लग्न झालं, मिशी पांढरी झाली. दमा कुठंही गेला नाही.

त्यातून आमचं दुकान भुसाराचं. सोलापुरात ज्वारीच्या पोत्यांमध्ये उभं आयुष्य काढायचं आणि छाती अशी! ‘दुसरं काहीतरी कर,’ असं मी किती वेळा म्हटलं असेन. तो हसायचा. दुधनीकडचा शेतकरी आला की त्याच्याशी कानडीत बोलायचा, बार्शीचा व्यापारी आला की मराठीत, पण मालाची पारख दोघांपुढं एकच. पोत्यात हात घालायचा, मूठभर ज्वारी तळहातावर घ्यायची, दोनदा उडवायची, आणि एक लांब फुंकर मारायची. फोलपटं उडून जायची, दाणे तेवढे हातावर राहायचे. मग एक दाणा दाताखाली. भाव त्यानंतर. बाजारात सगळेच असं करतात, पण अण्णाची फुंकर बघायला मला फार आवडायचं. ज्याला श्वासाचीच मारामार, तो माणूस इतक्या तोऱ्यात फुंकर मारायचा.

घोळ झाला तो त्या फुंकरीतच. फोलपट गल्ल्याच्या पलीकडं पायरीपर्यंत गेलं म्हणजे छाती ठीक. अलीकडंच पडलं म्हणजे आज जपायचं. हा त्याचा स्वतःचा हिशेब. डॉक्टरांनी त्याला फुंकून बघायची काटा असलेली नळी दिली होती. ती त्यानं कपाटात ठेवून दिली. ‘माझ्या हातावर हाय की मीटर,’ म्हणायचा. पंप दोन होते. निळा दम लागल्यावर लगेच मोकळं वाटायला, आणि तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, त्रास असो नसो. निळ्याशी अण्णाची दोस्ती. तपकिरीचं मात्र फुंकर लांब गेली की त्याला ओझं व्हायचं. ‘चांगल्या माणसानं औषध कशाला घ्यायचं? सवय लागती.’

एकदा मीच त्याला ओढत डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर आमच्याच गल्लीत वाढलेले, त्यांना अण्णा पुरता ठाऊक. ते शांतपणे म्हणाले, ‘अण्णा, दाणा वरून चकचकीत दिसला म्हणून आत किडा नाही, असं तुम्ही कधी म्हणता का?’ अण्णानं ‘न्हाय’ म्हणत मान हलवली. ‘तसंच आहे हे. धाप नाही त्या दिवशीसुद्धा श्वासाच्या नळ्या आतून सुजलेल्याच असतात. निळा पंप त्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करतो. सूज आवरतो तो तपकिरी, तोही रोज घेतला तर. दमा येतो-जातो असं आपण म्हणतो. येते-जाते ती धाप. दमा राहतो.’ बाहेर पडल्यावर अण्णा म्हणाला, ‘पटलं बग. लई नीट सांगितलं.’ आणि खरंच त्यानं बरेच महिने नेमानं पंप घेतला. मग फुंकर अशी लांब जायला लागली की त्यानं तो बंद केला! आता याला काय म्हणायचं? औषधानं बरं वाटलं म्हणून औषध सोडलं. मी ओरडले, भांडले, दोन दिवस बोलले नाही. तो आपला दुकानातून शेंगाचटणीची पुडी पाठवायचा, समेटाची.

पण हाच माणूस गौरीच्या बाबतीत वेगळा होता. तिलाही दमा. लहान असल्यापासून रोज सकाळी दुकानाचं कुलूप काढता काढता तो विचारायचा, ‘पंप घेतलास का?’ ती ‘व्हय’ म्हणाली तरी ‘गुळण्या?’ हा दुसरा प्रश्न ठरलेला, कारण तपकिरी पंपानंतर गुळण्या करून तोंड धुवायचं असतं. तिला बघायला पाहुणे यायचे होते तेव्हा वहिनीनं पंप उचलून फडताळात लपवला. अण्णानं सगळ्यांसमोर तो काढून पोह्यांच्या बशीशेजारी ठेवला. ‘पोरीला दमा हाय. रोज औषध घेती, रोज कामाला जाती. इचारायचं ते आत्ताच इचारा.’ ते पाहुणे परत आले नाहीत. वहिनी आठवडाभर धुसफुसत होती. अण्णा म्हणाला, ‘ज्यांना पंप सोसंना त्यांना माझी पोर काय सोसायची?’ हे वाक्य आठवलं की मला त्याचा अभिमान वाटतो, आणि लगेच भयंकर राग येतो. पोरीच्या छातीबद्दल जे त्याला इतकं लख्ख कळलं होतं, ते स्वतःच्या छातीबद्दल का कळू नये? बाप म्हणून शहाणा आणि रोगी म्हणून अडाणी, असा कसा असतो माणूस? मी हे कुणाला विचारू… ज्याला विचारायचं तो नाही.

आमची शेवटची भेट दुकानातच झाली. नवी ज्वारी यायला लागली होती, हवेत नुसता धुरळा. मी नाकाला पदर लावून उभी. म्हटलं, ‘तपकिरी चालू आहे ना?’ त्यानं मूठ भरली, उडवली, फुंकर मारली. फोलपटं पार पायरीच्या खाली गेली. ‘बग, किती लांब गेली!’ लहान पोरासारखा खूश. मीही हसले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याच दुकानात, त्याच धुरळ्यात त्याला ती धाप लागली, आणि निळ्या पंपानं ती उतरली नाही.

आता दुकान गौरी बघते. बाजारात दोघा-चौघांनी भुवया उंचावल्या, पण तिला मालाची पारख बापाची आहे. परवा मी गेले तर एक शेतकरी नमुना घेऊन उभा होता. गौरीनं मूठ भरली, दोनदा उडवली, फुंकर मारली. थेट अण्णा. फोलपटं पायरी ओलांडून गेली. मी गल्ल्यापाशी गेले. तिला म्हटलं, ‘सकाळचा पंप?’

ती पोत्याकडं बघत म्हणाली, ‘अण्णा असताना इचारायचे, तवा घ्यायची. आता… राहतंय की गं कवाकवा. पण बघितलीस न्हवं आत्या, किती लांब गेली?’

गल्ल्यामागं सिद्धेश्वराच्या तसबिरीखाली एक कोनाडा आहे. अण्णा तिचा जादा तपकिरी पंप तिथं ठेवायचा, दिसायला पाहिजे म्हणून. तो अजून तिथंच होता, वर ज्वारीचा धुरळा बसलेला. मी तो पदरानं पुसला, एका हातात पाण्याचा तांब्या घेतला आणि पंप तिच्यापुढं धरला. शेतकरी म्हणाला, ‘भाव तर सांगा की आक्का.’

‘थांबा जरा,’ मी म्हटलं. ‘भाव नंतर.’

गौरीनं पंप घेतला. मग तिनं पंप हलवला, श्वास आत ओढला, थोडा वेळ धरून ठेवला. ती तो सोडेपर्यंत मीही श्वास सोडला नव्हता. पंप परत कोनाड्यात ठेवून ती ज्वारीकडं वळायला लागली, तशी मी हातातला तांब्या पुढं केला आणि म्हटलं, ‘गुळण्या?’