कारध्यातला देवदार

साकोलीला बहिणीकडे गेले होते, तिथून परतत होते. चैत्रातली दुपार. कारध्याला बसमधून उतरले, तर टपरीवाल्याने कप विसळता विसळता सांगितलं, "बाई, सोमाजी गेला. आज सकायीच." मी नुसतीच रस्त्याकडे पाहत राहिले. उन्हाळ्यात भंडाऱ्याच्या बर्फाच्या कारखान्यातून सोमाजीदादा सायकलने पूल ओलांडून आमच्या आळीत शिरत, तेव्हा कॅरिअरवरच्या पोत्यातून पाणी ठिबकत यायचं आणि धुळीत एक ओली रेघ उमटायची, थेट त्यांच्या दारापर्यंत. त्या दिवशी रस्ता कोरडा होता. आता वैशाख लागलाय, तरी माझे डोळे रोज दुपारी तिथेच जातात.

आमच्या दोन घरांत एकच कुडाची भिंत. मी शाळेत शिकवायची, म्हणून वयाने मोठे असूनही ते मला बाईच म्हणत. बायको लवकर गेली. मागे एकच मुलगी, शकुन. ती माझ्या हाताखाली शिकली, पुढे नर्स झाली आणि नोकरी लागली ती थेट उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका दवाखान्यात. दादांनी सगळ्या आळीला पेढे वाटले आणि मग दोन दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत. "इतक्या दूर काहून गेली असंन हो?" असं मला विचारत, जणू मीच तिला गाडीत बसवून दिलं होतं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. हिवाळ्यात शकुन रजेवर आली ती तुपाच्या डब्यात लावलेलं देवदाराचं रोप घेऊन. वीतभर उंची, निळसर हिरव्या सुया. दादांनी नेहमीचं टुमणं लावलं, बदली माग, इकडे ये. शकुन हसत म्हणाली, "बाबा, हे झाड इथं जगलं ना, त मी बदली मागतो. शब्द देल्ला." पोरगी बोलून गेली आणि म्हातारा कामाला लागला.

आणि काय केलं? आमच्या धानाच्या मुलखात ज्याच्यावर जीव जडतो त्याच्या पायाशी आपण पाणी बांधतो. दादांनी रोप अंगणात लावलं, धानाच्या शेताला असते तशी त्याभोवती धुरी, म्हणजे मातीचा बुटका बांध, घातली आणि पाणी भरून ठेवलं. महिन्याभरात सुया पिवळ्या पडल्या. मीही शेतकऱ्याचीच लेक, मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. शेवटी रोप मुळांच्या मातीसकट पुन्हा डब्यात घालून आम्ही दोघं साकोलीच्या बाजूच्या एका रोपवाटिकेत गेलो. तिथल्या माळ्याने बोटाने माती उकरली आणि तो हसला. "याले बरफ पडला तरी चालते, पाय ओले नाही चालत. अन आपल्या इकडची रात बी नाही चालत. दिवसा ताप झाला तरी रातीले थंड पाहिजे. इथं रातभर जमीन वाफ सोडून राहते. पावसाळ्यात त हवाच अशी ओली राहते का मीठ पाझरते. नाही जगत हे, काका."

दादांनी ऐकून घेतलं. घरी येऊन धुरी फोडली, मुरूम आणि छपराच्या फुटक्या कवेलूंचा उंचवटा करून रोप त्यावर लावलं, वर बांबूचा तट्टा उभारला. उन्हाळा लागला तशी कारखान्यातून बर्फाची लादी यायला लागली. धानाच्या भुशात घातलेली, पोत्यात गुंडाळलेली. ती मुळाशी नाही, जरा दूर टोपल्यात ठेवायची, म्हणजे तट्ट्याखाली गारवा राहतो आणि पाय कोरडे. माणसाला मिळत नाही अशी बडदास्त! मी चिडवायची, "दादा, जगत नाही म्हणाला ना तो?" एकदा ते टोपलं सरळ करत शांतपणे म्हणाले, "म्हणाला ना. पण हे जिते दिवस जगन, तिते दिवस पोरीचा शब्द बी जगन ना, बाई." मी पुन्हा कधी चिडवलं नाही.

दोन उन्हाळे त्या झाडाने काढले. दुसऱ्या पावसाळ्यात गेलं. आभाळ आठवडाभर उघडलं नाही, वारा नाही, घामेजलेली हवा... शेंड्यापासून तांबूस होत गेलं. दादांनी ते स्वतःच उपटलं. मला एवढंच म्हणाले, "शकुनले नोको सांगजा." पुढे ती आली तेव्हा त्यांनी सांगितलं, झाड साकोलीकडे जंगलाच्या गारव्यात ठेवलंय, चांगलं हातभर वाढलंय. शकुनने मान हलवली. मला एका गोष्टीचं नवल वाटलं. पाहून येऊ, असं ती म्हणाली नाही. तट्टा मात्र तसाच उभा राहिला, आणि उन्हाळ्यात बर्फही येत राहिला. कोणी विचारलं तर दादा म्हणत, "सवय पडली." थोडा माझ्या माठात टाकत, उरलेला रिकाम्या उंचवट्याजवळ.

शकुन पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. दुपारी ती अंगणात तट्ट्याजवळ बसली होती. "बाई, झाड साकोलीले नाही ना?"

"नाही."

"मले माहीतच होतं. तिथले लोक पहिलेच बोलले होते, खालच्या गरम मुलखात हे नाही टिकत. म्हणूनच त तसा शब्द देल्ला मी. मले परत नव्हतं याचं, अन बाबाले तोंडावर नाही म्हणवत नव्हतं..." ती थांबली. "त्याहिले वाटत होतं का हो, जगन म्हणून?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण मी रोपवाटिकेतलं सांगितलं, आणि टोपलं सरळ करताना दादा जे म्हणाले होते तेही, त्यांच्याच शब्दांत. शकुन उठली, बापाची सायकल काढली आणि त्या उन्हात पुलाकडे गेली. परत आली तेव्हा कॅरिअरवर पोतं होतं. लादी तिने टोपल्यात ठेवली आणि ती पूर्ण विरघळेपर्यंत तिथेच बसून राहिली. मी तिला आत बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी वरठी स्टेशनवरून तिची गाडी होती. जाताना सायकल माझ्या ओसरीत लावून गेली. कॅरिअर पाण्याने गंजून पार लाल झालंय. त्याच्या तारांमध्ये धानाचा भुसा अडकलेला आहे. रोज झाडू मारते, पण तेवढा भुसा काढायला माझा हात धजत नाही.